गड्याचा चहा

माझं वय अजून तिशीला टेकलेलं नाही, पण गुडघे साठीचे झालेत. त्याला जबाबदार एकच माणूस. अडीच वर्षं त्या माणसाने मला रोज सकाळी साडेनऊला उकिडवं बसवलं. शाळेतली शिक्षा म्हणून नव्हे. ऑफिसात, मीटिंग म्हणून.

"सगळीकडे उभ्याने मीटिंग घेतात हो," मी पहिल्याच दिवशी म्हणाले. कॉलेजात तसंच शिकवलं होतं.

"उभा मानूस घंटाभर बोलते वं पोरी. पानठेल्यावर जाऊन पाह्य. खुर्चीतला तं उठतच नाई. उकिडवा बसलेला पाच मिंटात मुद्द्यावर येते. बस, करून पाह्य."

करून पाहिलं. चौथ्या मिनिटाला मी काल काय केलं, काय बिघडवलं आणि आज काय करणार हे एका दमात सांगून उठले. पद्धत अचूक होती, हे मला आजही कबूल करावंसं वाटत नाही.

ऑफिस चिखलीत, एका बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खालून फवारणीच्या औषधांचा वास यायचा आणि वर आम्ही सॉफ्टवेअर लिहायचो. कंपनी पुण्याची, शाखा आमची. शेतकऱ्याने मोबाइलवरून हार्वेस्टर बोलवायचा, त्याचा नंबर लागायचा, नंबराप्रमाणे हार्वेस्टर त्याच्या वावरात जायचा, असं ते सॉफ्टवेअर. माणसं चार. एक हे उकिडवं बसवणारे साहेब, दुसरी मी, तिसरा गजा आणि चौथा एकजण, जो कायम कानावर हेडफोन चढवून बसायचा. अडीच वर्षांत मी त्याचं एकच वाक्य ऐकलं, ते पुढे येईल.

ह्यांच्या ओळखपत्रावर पुण्याने 'टीम लीड' छापलं होतं. त्यांनी ते पेनाने खोडून वर 'मुकादम' लिहिलं होतं. बारा वर्षं पुण्यात नोकरी करून ते आपल्या आठ एकरांकडे परतले होते. "पुन्यात म्या मॅनेजर होतो," ते सांगायचे. "मॅनेजरले टोळीतलं कोन आज उपाशी आलं हे ठाऊक नसते. मुकादमाले असते." आणि खरोखरच रोज विचारायचे, जेवून आली काय. नाही म्हटलं की खालच्या हॉटेलातून आलूबोंडा यायचा, आणि तो संपेपर्यंत कीबोर्डला हात लावायची सोय नव्हती.

आमच्यातला पाचवा म्हणजे एआय. तो आम्हा चौघांच्या दुप्पट कोड लिहायचा, न थकता, न जेवता, न कुरकुरता. पुण्यात त्याला कसलंसं चकचकीत नाव होतं. मुकादमांनी त्याला गडी म्हणायला सुरुवात केली आणि मग आम्हीही. मीटिंगला त्याचा लॅपटॉप एका पाटावर ठेवायचे, म्हणजे तोही आमच्या उंचीला यायचा. पुण्याहून कोणी कॅमेऱ्यात पाहिलं असतं, तर इथे कसली तरी पूजा चालली आहे असंच वाटलं असतं.

गड्याला सुरुवातीला एक वाईट खोड होती. काहीही विचारा, आधी तारीफ करायचा. गजाने एकदा त्याला विचारलं की काल लिहिलेली फाइल कुठे ठेवली. "फारच उत्तम प्रश्न!" असं उत्तर आलं. गजा दिवसभर फुगून फिरला. मुकादम मात्र चिडले.

"याले सोयरीक जमवनाऱ्याची सवय लागली बे. पोरगा दारू पेते काय, असं विचारलं तं म्हनते, स्वभाव मोकळा हाये. कोड टिकन काय, असं विचारलं तं म्हनते, रचना सुबक हाये!"

त्यांनी गड्याला पानभर सूचना लिहिली, अस्सल वऱ्हाडीत: आमाले वा वा नोको, कोठी मोडन ते सांग. गड्याने ती इतकी मनावर घेतली की दुसऱ्या दिवशी गजाने त्याच्याकडून रजेचा अर्ज लिहून मागितला, तेव्हा गडी म्हणाला, "हे कारन मुकादमाले पटनार नाई. मांगच्या महिन्यात बी आजीच आजारी होती."

गड्याचा चहाही यायचा. रोज सकाळी पाच कप. पाचवा पाटापुढे ठेवायचा. जो कोणी आदल्या दिवशी गड्याची चूक धरेल, त्याने तो प्यायचा, असा नियम. आमच्या सगळ्या शिक्षणात चुका शोधायला इतकं साधं आमिष कोणी दाखवलं नव्हतं. पुण्यातले लोक गड्याचं लिखाण न वाचता 'ठीक' म्हणून पुढे ढकलायचे. आम्ही मात्र कपाकडे पाहत ओळ न् ओळ वाचायचो. गजाला त्यापायी पित्ताचा त्रास सुरू झाला, तरी तो हटला नाही. चूक कोणी धरली नाही, तर मुकादम तो चहा खिडकीतल्या तुळशीला घालायचे, साखरेसकट. तुळस बिचारी दोनदा मेली.

एकदा पुण्याहून फॉर्म आला. माणसं आणि एआय मिळून काम करता, तर कोणत्या पद्धतीने? खाली सात-आठ भारदस्त नावं. मुकादमांनी 'इतर' यावर खूण करून पुढे लिहिलं: सावड. लगेच पुण्याच्या मॅडमचा फोन. आमच्या शाखेचं भलंबुरं त्यांच्या हातात होतं.

"सावडचा फुल फॉर्म काय हो?"

"फुल फॉर्म नाई मॅडम, रीत हाये. आज तुमी माह्या वावरात निंदाले या, उद्या मी तुमच्या. मजुरी नाई, उपकार नाई. फक्त फेडाचं."

"पण एआयला कसं फेडणार?"

हा प्रश्न मीही विचारला होता, आणि मला मिळालेलं उत्तर मॅडमना मिळालेल्यापेक्षा लांब होतं. "त्याचं बी वावर हाये वं. त्याले जे दिसत नाई, ते त्याचं वावर. त्याले ना डोये, ना पाय. तो कधी बाजारात आला नाई, त्यानं कधी चिखल तुडवला नाई. काल तो तुह्यासाठी राबला नं? मंग आज तू त्याच्या वावरात जा."

म्हणजे प्रत्यक्षात असं: रोज सकाळी गड्याने एक प्रश्न विचारायचा. आदल्या दिवशी ज्याने गड्याकडून सगळ्यात जास्त काम करून घेतलं, त्याने चपला घालून बाहेर पडायचं, पाहायचं आणि उत्तर आणायचं. खुर्चीतून उत्तर द्यायचं नाही. नियम एवढाच, पण त्यात सूट नव्हती.

गड्याने एकदा विचारलं, "शेतकरी नंबर लावताना मोबाइल कोनत्या हातात धरते?" गजा अर्धा दिवस बाजारात उभा राहून आला. सांगितलं, एका हातात पिशवी असते, म्हणून सगळं एकाच अंगठ्याने चालतं. त्या दिवशी आमची बटणं दुप्पट मोठी झाली. गजा येताना दोन जुड्या मेथीही घेऊन आला, ती वेगळी गोष्ट.

आमच्या असल्या टिपणांमध्ये राहून राहून गडी पक्का वऱ्हाडी झाला. त्याचा एक परिणाम आमच्या कोणाच्याच लक्षात आला नाही आणि तसाच लोकांच्या मोबाइलवर गेला. नंबर चुकला की शेतकऱ्याला संदेश दिसायचा: "काऊन बाप्पा, नऊच आकडे टाकले? एक कोठी सांडला?" मॅडमचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज थरथरत होता. मुकादम शांतपणे म्हणाले, "मॅडम, याले आमच्या इकडे आपुलकी म्हनतात." पण हुकूम तो हुकूम. आम्ही तिथे 'कृपया वैध भ्रमणध्वनी क्रमांक प्रविष्ट करा' असं टाकलं. दुसऱ्या दिवसापासून लोक फोन करून विचारायला लागले, हे प्रविष्ट कोण आणि त्याला कुठे गाठायचं. आठवड्यात जुना संदेश परत आला.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं आणि मग ते पत्र आलं. गडी एवढं काम करतो, तर शाखेला चार माणसं कशाला? तीन पुरेत. सोयाबीनच्या हंगामात मुकादमांच्या गावी, गडीच नंबर लावेल अशा नव्या सॉफ्टवेअरची चाचणी होईल, मॅडम स्वतः येतील, आणि चाचणीनंतर कमी करायचं नाव मुकादमांनी कळवावं.

नाव कोणाचं, हे कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती. सगळ्यात नवी मी. चिखलीत दुसरं असं ऑफिस नाही. म्हणजे पुणे. मी पुण्यात सहा महिने काढले होते. तिथे मी तोंड उघडलं की कोणीतरी 'अय्या, किती गोड बोलतेस गं' म्हणायचं, जणू मी बोलायला शिकलेलं पाखरू होते. मला माझ्या घरात, माझ्या गावात राहून हे काम करायचं होतं. यापलीकडे मी आयुष्याकडून फारसं काही मागितलं नव्हतं, आणि तेच जाणार म्हणून माझं टाळकं फिरलं होतं.

नेमकी त्याच सकाळी पाळी माझी. गड्याने विचारलं, "चाचनीत पयला नंबर तुळसाबाईच्या वावराचा हाये. तथी हार्वेस्टर जायाले रस्ता कोठून हाये?"

मुकादमांचं गाव बारा किलोमीटर. रस्ता त्यांना ठाऊक असणारच, पण खुर्चीतून उत्तर द्यायचं नाही हा नियम त्यांनाही लागू. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे चौघांच्या जागी सात. ज्याच्यापायी माझी नोकरी जाणार, त्याच्यासाठी मी उन्हात जायचं? मी खुर्चीत बसून दोन शब्द टाइप केले: रस्ता आहे.

"बरं," गडी म्हणाला. त्याचा माझ्यावर विश्वास होता.

चाचणीच्या दिवशी मॅडम पांढरेशुभ्र बूट घालून आल्या. तुळसाबाई साठीच्या, तीन एकरांच्या मालकीण. हातात मोबाइल घेऊन रस्त्याच्या कडेला सकाळपासून उभ्या होत्या. अर्ज त्यांनीच आधी केलेला, म्हणून गड्याने त्यांना पहिला नंबर दिलेला. हिशेबाने बरोबर. हार्वेस्टर धडधडत आला, आणि थांबला. रस्ता आणि तुळसाबाईंचं वावर यांच्यामध्ये मुकादमांचं आठ एकर सोयाबीन उभं होतं, अजून हिरवं. तुळसाबाईंच्या वावरात जायला धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची पायवाट, एका माणसापुरती.

आधी रस्त्यालगतचं पीक सोंगायचं, म्हणजे कापायचं, मग वाट होते, मग आतलं सोंगायचं. ही गोष्ट त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. गड्याला ठाऊक नव्हती. पण त्याने विचारली होती.

"कोठून नेऊ? उडून?" हार्वेस्टरवाला वरून म्हणाला.

मॅडमनी मोबाइल पाहिला. "इथे तर रस्ता आहे अशी नोंद आहे. कोणी केली?"

"मी."

"पाहून केली?"

"नाही."

मुकादमांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "काऊन वं पोरी, चप्पल तुटली होती काय?" आणि मी तिथे, मॅडमसमोर, हार्वेस्टरसमोर, अख्ख्या गावासमोर रडायला लागले. लाज वाटली, त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

"रडाचं मंग पाह्यजा," तुळसाबाई म्हणाल्या. "माह्या शेंगा तडकून राह्यल्या बाप्पा! आज नाई सोंगलं तं दाने मातीत जातीन."

मुकादमांनी हार्वेस्टरवाल्याला हात केला. "घे बे माह्या वावरातून."

"हिरवं हाये मुकादम. लगदा होईन."

"होऊ दे. चाल."

हार्वेस्टर त्यांच्या उभ्या पिकात शिरला आणि या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सरळ पट्टा काढत गेला. मागून हिरवा चोथा पडत होता. मुकादमांचं डोकं तुळतुळीत. त्यांनी टोपी काढून टकलावरून हात फिरवला आणि म्हणाले, "भांग मस्त पडला. माह्या डोक्यावर नाई पडत, वावरात तरी पडला."

मॅडम म्हणाल्या, "याची भरपाई आपण..."

"भरपाई नोको मॅडम. सावड हाये."

तुळसाबाईंचं सोयाबीन त्या दिवशी घरी गेलं. मुकादमांचा दुसरा एक नियम होता, चूक करणाऱ्याने ती स्वतःच्या हाताने गड्याला लिहून सांगायची. मी लिहिलं: रस्ता नव्हता. मी न पाहता सांगितलं. मुकादमांच्या हिरव्या वावरातून पट्टा काढावा लागला. गड्याने त्याच दिवशी नंबर लावायची रीत बदलली, आधी रस्त्यालगतचे, मग आतले. मॅडम जाताना एवढंच म्हणाल्या, "एआयने विचारलं होतं, हे मला आवडलं. माणसाने सांगितलं नाही, हे आवडलं नाही." मी त्या दिवशीच घरी सांगून टाकलं की बॅग भरायला घ्या.

चौथ्या दिवशी मीटिंगमध्ये मुकादम म्हणाले, "तिघं राह्यतान. म्या चाललो."

नाव त्यांनी स्वतःचं कळवलं होतं.

"मुकादमाबिगर टोळी चालते काय?" गजा म्हणाला.

"रोज सकायी कोनं कोठी जायाचं, हे आता गडीच विचारते नं. मंग मुकादमाचं काम उरलं काय? पन जाऊन पाह्यनारं मानूस लागते. अन् जे एकदा खुर्चीतून बोलून फसलं," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ते दुसऱ्यांदा चप्पल घालते."

मी भांडले. मला तुमची दया नको, असं काहीबाही मोठमोठ्याने बोलले, तेही उकिडवं बसून, म्हणून फार लांबलं नाही.

"दया कायची वं? माह्यं सोयाबीन सोंगाले आलं," ते म्हणाले, आपला कप धुऊन पिशवीत टाकला आणि जिना उतरून गेले.

पुढचे चार-पाच दिवस आम्ही बसायचो, बोलायचो, उठायचो. जेवून आली काय, असं कोणी विचारत नव्हतं. मग एका सकाळी गड्याने त्या दिवसाचा प्रश्न विचारला.

"मुकादमाच्या वावरातून पट्टा काढला होता नं? त्याची सावड फेडली काय?"

गजा फरशीकडे पाहत होता. मी पाटाकडे पाहत होते. तेव्हा त्या चौथ्याने हेडफोन काढला आणि म्हणाला, "नाही फेडली." ते त्याचं वाक्य. मग तो उठला आणि चपला शोधायला लागला.

बाजारातून तीन विळे घेतले. जीपमध्ये सातजण होते, मी आठवी. हार्वेस्टरचा त्यांचा नंबर अजून लागायचा होता, म्हणून आम्ही पोचलो तेव्हा वावरात मुकादम आणि तुळसाबाई दोघंच विळ्याने सोंगत होते. तुळसाबाई आपली सावड फेडायला तीन दिवस आधीपासून आलेल्या. मुकादमांनी आमच्याकडे पाहिलं, आमच्या कोऱ्या विळ्यांकडे पाहिलं, आणि एक एक ओळ वाटून दिली. जेवून आले काय, हे आधी विचारलं.

सोंगणी उकिडवं बसून करतात. तेव्हा मला कळलं की अडीच वर्षांची माझी तालीम कशाची होती. तरीही मी बोट कापून घेतलं, अर्धी झाडं मुळासकट उपटली, आणि मागे वळून पाहिलं तर माझ्या ओळीत दर हातावर दोन-तीन झाडं तशीच उभी.

"हे गड्यानं केलं असतं," मुकादम मागून म्हणाले, "तं म्या वापस पाठवलं असतं."

दुपारी तुळसाबाईंनी धुऱ्यावर चहा ओतला. आम्ही पाचजण. मुकादमांनी पिशवीतून आपला कप काढला आणि एक सहावाही भरायला लावला. माझा मोबाइल मागून घेतला, त्यावर गडी उघडला, मोबाइल एका ढेकळाला टेकवून उभा केला आणि कप त्याच्यापुढे ठेवला. गजाचा हात सवयीने पुढे गेला.

"थांब बे. आज कोनाची चूक धरल्या गेली?"

"आमची," मी म्हणाले.

"कोनं धरली?"

मी मोबाइलकडे पाहिलं. "गड्यानं."

"मंग झालं तं."

आम्ही आपापले कप संपवले आणि पुन्हा ओळीला लागलो. ऊन कलल्यावर निघायला म्हणून धुऱ्यावर आलो, तेव्हा मोबाइलची बॅटरी कधीच संपली होती. सहाव्या कपावर साय धरली होती आणि सायीवर एक मुंगळा फिरत होता. गजाने इकडेतिकडे पाहिलं, मुंगळा फुंकून उडवला आणि कप तोंडाकडे नेला.

"ठेव बे खाली," मुकादम वावराच्या त्या टोकावरून ओरडले. "कमाईचा हाये तो."